चारित्र्य : कोर्टात वर्ज्य, चौकीत ग्राह्य

१ जुलै २०२४ रोजी १८७२ सालचा भारतीय पुरावा कायदा इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम अंमलात आला. कलमांचे क्रमांक बदलले, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासंबंधीच्या तरतुदी विस्तारल्या. परंतु माणसाच्या चारित्र्याचा पुरावा केव्हा ग्राह्य धरावा आणि केव्हा धरू नये, हे सांगणारी जुनी कलमे शब्दांचा फारसा फेरफार न होता नव्या ग्रंथात येऊन बसली. पूर्वी ती ५२ ते ५५ होती, आता ४६ ते ५० आहेत. राजद्रोह, पोलीस कोठडीची मुदत अशा विषयांवर त्या काळात जे वादळ उठले त्यात या कलमांची आठवण फारशी कोणाला झाली नाही. वस्तुतः गरीब माणसाचा न्यायसंस्थेशी जो संबंध येतो तो बव्हंशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

नियम थोडक्यात असा. फौजदारी खटल्यात आरोपीचे पूर्वचारित्र्य चांगले होते हे दाखविता येते. ते वाईट होते हे मात्र सरकार पक्षाला दाखविता येत नाही. आरोपीनेच आपल्या चांगुलपणाचे साक्षीदार उभे केले तर त्यांना उत्तर म्हणूनच काय ते सरकारला त्याचे जुने प्रताप बाहेर काढता येतात. एवढेच नव्हे, तर पूर्वीच्या शिक्षेमुळे शिक्षा वाढवून मागावयाची असली तरी तो आरोप या गुन्ह्याबद्दल आरोपी दोषी ठरेपर्यंत वाचून दाखवावयाचा नसतो.

सामान्य माणसाला हा नियम चमत्कारिक वाटतो, आणि तसे वाटण्यात त्याची चूक नाही. खोली भाड्याने देताना, मुलगी देताना, दुकानावर गडी ठेवताना तो आधी माणसाचा लौकिक पाहतो. बँक कर्ज देताना पत पाहते. ज्याने चार वेळा घरफोडी केली तो पाचव्यांदा करील, असा तर्क रोजच्या व्यवहारात वेडगळ समजला जात नाही. मग जेथे सत्य शोधून काढणे हेच काम आहे तेथील न्यायाधीशाने तेवढ्यापुरती डोळ्यांवर पट्टी का बांधून घ्यावी?

आपली जुनी शास्त्रे या बाबतीत लोकव्यवहाराच्याच बाजूची होती. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात चोर म्हणून कोणाला पकडावे याची जी गमके दिली आहेत, त्यांत चोरीचा माल आणि पावलांचा माग यांच्या जोडीला पूर्वी अपराध केलेला आणि ज्याच्या वास्तव्याचा ठावठिकाणा नाही असा, हे दोघेही आहेत. आणि संशयावरून पकडलेल्याने आपली शुद्धता स्वतःच सिद्ध करावयाची आहे. साक्षीदाराचे तर कुल, दानशीलता, सत्यनिष्ठा असे सारेच पाहावयाचे. इस्लामी न्यायपद्धतीतही काझी साक्षीदाराच्या सदाचाराची चौकशी करवून घेई आणि त्या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला असे. माणूस कसा आहे हे कळल्याशिवाय तो काय बोलतो किंवा त्याने काय केले असेल हे ठरविता येत नाही, हीच या सर्वांमागील धारणा.

युरोप खंडातील न्यायपद्धती आजही पुष्कळशी या धारणेवर उभी आहे. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या न्यायाधीशाने गुन्ह्याबरोबरच आरोपीच्या व्यक्तिमत्त्वाचाही तपास करावा, असे तेथील फौजदारी संहिताच सांगते. असीझ न्यायालयात खटला उभा राहिला की अध्यक्ष न्यायाधीश रूढीनुसार बहुधा आरोपीच्या जीवनकथेपासून सुरुवात करतो. बालपण कोठे गेले, शाळा का सुटली, नोकऱ्या किती केल्या, संसार कसा झाला, दारूचे प्रमाण किती, यापूर्वी शिक्षा झाली होती काय, हे सारे उघड न्यायालयात विचारले जाते. फ्रेंच विधिज्ञांचे म्हणणे असे की न्याय कृत्याचा करावयाचा नसून माणसाचा करावयाचा आहे. शिवाय दोष आणि शिक्षा या दोन्हींचा निर्णय तेथे एकाच बैठकीत, न्यायाधीश व नागरिक-पंच यांच्या एकत्र विचारविनिमयाने होतो. तेव्हा शिक्षेसाठी लागणारी माहिती दोष ठरेपर्यंत लपवून ठेवण्याची सोयच नाही. या पद्धतीत मानवी आस्थेचा अंश आहे, यात शंका नाही. पण तिचे भयानक टोकही फ्रेंच वाङ्मयानेच दाखवून ठेवले आहे. अल्बेर काम्यूच्या १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्रजीत 'द आउटसायडर' या नावाने गाजलेल्या कादंबरीतील नायकाने खून केलेला असतो हे खरे. पण त्याचा शिरच्छेद जो ठरतो तो आईच्या अंत्यविधीला त्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही म्हणून. जर्मनीने थोडा संयम दाखविला आहे. तेथे पूर्वीच्या शिक्षांची नोंद निकालाच्या दृष्टीने आवश्यक असेल तेवढीच आणि त्यातही शक्य तो उशिरा समोर आणली जाते.

इंग्लंडने नेमका उलटा रस्ता धरला, याचे कारण तेथील ज्यूरी. कायद्याचे शिक्षण नसलेल्या बारा नागरिकांच्या कानावर एकदा आरोपीचा जुना गुन्हा पडला की पुढचा पुरावा ते ऐकतील कशाला, ही भीती इंग्रज न्यायाधीशांना सतत होती. परंतु ही भीती बाळगूनही त्यांनी एक फट ठेवली. १८९३ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे सिडनीचे एक प्रकरण आले. पैसे घेऊन दुसऱ्यांची तान्ही मुले सांभाळावयास घेणाऱ्या एका जोडप्याने ज्या ज्या घरांत बिऱ्हाड केले होते त्या त्या घरांच्या आवारांत अर्भकांची प्रेते पुरलेली निघाली. एका मुलाच्या खुनाच्या खटल्यात बाकीच्या प्रेतांचा पुरावा घ्यावा काय? कौन्सिलने सांगितले की, हा मनुष्य वाईट आहे, म्हणून त्यानेच हे केले असेल, एवढ्यासाठी असा पुरावा आणता येणार नाही. परंतु घडलेली गोष्ट अपघात होती की हेतुपुरस्सर, हे ठरविण्यासाठी आणता येईल. १९१५ साली जॉर्ज जोसेफ स्मिथ फासावर गेला तो याच तत्त्वावर. त्याच्या तीन पत्नी न्हाणीच्या टबात बुडून मेल्या होत्या. एक अपघात समजण्याजोगा असतो, तीन नसतात. येथे चारित्र्याचा प्रश्नच नाही, प्रश्न योगायोगाच्या संभवनीयतेचा आहे. आपल्या १८७२ च्या कायद्यातही हाच विचार एका सुरेख उदाहरणाने सांगितला होता : विम्याचे पैसे मिळविण्यासाठी घर जाळल्याचा ज्याच्यावर आरोप आहे, तो पूर्वी ज्या घरांत क्रमाने राहिला त्या प्रत्येकाचा विमा होता, प्रत्येकाला आग लागली आणि प्रत्येक वेळी वेगळ्या विमा कचेरीने पैसे दिले.

या इंग्लंडनेच पुढे आपला जुना नियम मोडीत काढला. २००३ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने वाईट चारित्र्याच्या पुराव्याला सात दरवाजे उघडून दिले आणि त्यांपैकी एकातून आरोपीची प्रवृत्ती दाखविणारे जुने गुन्हे सरळ आत येऊ शकतात. अर्थात २००५ सालीच तेथील अपील न्यायालयाला बजावावे लागले की, लंगड्या खटल्याला आधार देण्यासाठी जुन्या शिक्षांची कुबडी वापरू नये. अमेरिकेने तत्त्व शाबूत ठेवले. पण तिच्याकडील अपवादांचे जंगल इतके दाट आहे की १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॅक्सन यांनी या साऱ्या रचनेला तर्कविसंगत म्हणूनही तिला हात लावण्याचे टाळले. त्या खटल्यात आरोपीच्या भलेपणाची ग्वाही देणाऱ्या साक्षीदारांना, सत्तावीस वर्षांपूर्वी याला अटक झाली होती हे तुमच्या कानावर आले होते काय, असा प्रश्न विचारण्यात आला होता आणि तो योग्य ठरला! हा वाद केवळ पुस्तकी नाही. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हार्वी वाइनस्टीन या चित्रपटनिर्मात्याची २०२० सालची शिक्षा चार विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. ज्या स्त्रियांच्या तक्रारी आरोपपत्रात नव्हत्या त्यांच्या साक्षी घेतल्या गेल्या, हे त्याचे प्रमुख कारण. ज्यांना हा निकाल धक्कादायक वाटला त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. तरीही बहुमताने ज्या तत्त्वाचा आधार घेतला ते टाकाऊ ठरत नाही.

ते का टाकाऊ नाही, हे समजण्यासाठी कायद्याच्या पुस्तकापेक्षा थोडे अंकगणित अधिक उपयोगी पडते. समजा, एखाद्या शहरात घरफोडीची शिक्षा भोगलेली एक हजार माणसे आहेत, आणि काल रात्रीची घरफोडी यांपैकीच कोणी तरी केली हे निश्चित आहे. तरीही त्यांतील कोणत्याही एकाने ती केली असण्याचा संभव हजारात एक एवढाच. 'हा घरफोड्या आहे' या माहितीने संशयितांचे वर्तुळ लहान होते. वर्तुळातील माणूस सापडत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पोलिसांनी त्या हजारांतून याला उचलले ते बहुधा त्याच्या जुन्या नोंदीमुळेच. आता तीच नोंद न्यायालयात स्वतंत्र पुरावा म्हणून मांडली तर एकच वस्तू दोनदा मोजल्यासारखे होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गव्हाची किंमत एकदा आणि त्याच गव्हाच्या पावाची किंमत पुन्हा, अशी बेरीज करणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळत नाहीत.

तिसरा मुद्दा शिक्षेच्या धाकाचा. शिक्षेचे भय माणसाला गुन्ह्यापासून परावृत्त करते ते गुन्हा केल्यास शिक्षा आणि न केल्यास सुटका, या दोहोंतील अंतरामुळे. क्रिस सँचिरिको या अमेरिकन प्राध्यापकाने २००१ साली हा विचार सविस्तर मांडला. ज्याची पूर्वपीठिका वाईट आहे तो गुन्हा न करताही दोषी ठरण्याचा संभव वाढला की त्याच्यापुरते हे अंतर घटत जाते. सरळ वागण्याचा त्याला मिळणारा मोबदला कायदाच कापून घेतो. चारित्र्य हे माणसाच्या गतायुष्याचे संचित आहे आणि ते त्याला आज बदलता येत नाही. बदलता येते ते आजचे कृत्य. म्हणून शिक्षा कृत्याला हवी. याच्या उलट बाजूचा, म्हणजे चांगल्या चारित्र्याच्या पुराव्याचाही फार बडेजाव करण्याचे कारण नाही. मुंबईच्या नानावटी खटल्यात १९५९ साली नौदलाच्या एका रुबाबदार अधिकाऱ्याला ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले; उच्च न्यायालयाने १९६० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली पुराव्यावर बोट ठेवून खुनाचा दोष कायम केला. चारित्र्याचा पुरावा फार दुबळा असतो, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही अन्यत्र म्हटले आहे.

येथवर आपला कायदा शहाणा दिसतो. परंतु त्याच्या जन्माची तारीख पाहिली की मन थबकते. १८७२ च्या मार्चमध्ये पुरावा कायदा संमत झाला. त्याचे शिल्पकार गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील कायदा-सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्याच्या अवघे पाच महिने आधी, ऑक्टोबर १८७१ मध्ये, स्टीफन त्याच पदावर असताना त्याच कौन्सिलने गुन्हेगार जमातींचा कायदा संमत केला होता. एका कायद्याने सांगितले की, माणूस बदलौकिकाचा आहे म्हणून तो या गुन्ह्याचा धनी ठरत नाही. दुसऱ्याने सांगितले की, काही माणसे ज्या आईच्या पोटी जन्मली तेवढ्यानेच बदलौकिकाची आहेत. त्यांची नावे नोंदवावीत, त्यांनी हजेरी द्यावी, परवान्याशिवाय गाव सोडू नये. आणि अमुक जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारू नये. १९११ साली या कायद्याचा विस्तार झाला आणि मुंबई इलाख्यातील जमातीही त्याच्या कक्षेत आल्या. सोलापूरच्या सेटलमेंटच्या काटेरी तारा हा त्याचाच अवशेष. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण ठिकठिकाणी त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्यात तो १९५९ साली आला. विमुक्तीनंतरही पोलिसांची नजर कशी घरात शिरत राहिली हे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने महाराष्ट्राला सांगितले, त्यालाही आता चार दशके होत आली.

जो पुरावा आरोपीविरुद्ध चालत नव्हता तो फिर्यादी स्त्रीविरुद्ध मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे चालला, हा या कायद्याचा आणखी एक काळा कोपरा. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री सर्वसाधारणपणे दुर्वर्तनी होती हे दाखवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा कलम १५५ च्या चौथ्या पोटकलमाने दिली होती. आरोपीला आपल्या भूतकाळाचे संरक्षण, आणि जिच्यावर अत्याचार झाला तिच्या भूतकाळाचा पंचनामा! चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने तिच्या पूर्वसंबंधांची चर्चा केली, मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरविले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. त्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना जे अनावृत पत्र लिहिले, त्यातून देशभर चळवळ उभी राहिली. १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. पण ते पोटकलम २००२ च्या अखेरीपर्यंत जिवंत राहिले. संमतीचा प्रश्न असताना पीडितेचे पूर्वचारित्र्य गैरलागू आहे, हे स्वतंत्र कलमाने सांगावयास २०१३ साल उजाडले. वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली होणारी 'दोन बोटांची चाचणी' बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ठाम आदेश तर २०२२ चा.

हा कोपरा निदान कागदोपत्री तरी उजळला. दुसरा अजून अंधारातच आहे. खटल्यात जो लौकिक निषिद्ध, तोच लौकिक खटल्याबाहेर चोख पुरावा म्हणून वापरला जातो. लोक ज्याला 'चॅप्टर केस' म्हणतात, ती चांगल्या वर्तणुकीच्या हमीची कारवाई जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ११० खाली होत असे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तेथे माणूस सराईत गुन्हेगार आहे की नाही हे 'सर्वसाधारण लौकिका'वरून सिद्ध करता येते, असे कायदाच सांगतो. निर्णय न्यायाधीशाचा नसतो, कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा असतो. मुंबईसारख्या आयुक्तालयाच्या शहरात तर ते अधिकार पोलीस अधिकाऱ्याकडेच असतात. हमी तीन वर्षांपर्यंतची. ज्याला जामीनदार मिळाला तो घरी, ज्याला मिळाला नाही तो तुरुंगात. पत असलेल्याला जवळपास फुकट आणि नसलेल्याला स्वातंत्र्याच्या मोबदल्यात मिळणारी अशी ही वस्तू आहे.

तडीपारीची कथा याहून निराळी नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखाली, ज्याचे नाव आता महाराष्ट्र पोलीस कायदा असे आहे, एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर आणि लगतच्या जिल्ह्यांबाहेर घालविता येते. भीतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, हे त्याचे समर्थन. आणि म्हणून नोटिशीत आरोपांचे केवळ ढोबळ स्वरूप कळविले तरी चालते. साक्षीदारांची भीती नेहमीच खोटी असते असे नाही. गल्लीतल्या दादाविरुद्ध कोर्टात उभे राहणे म्हणजे काय, हे झोपडपट्टीत राहणाऱ्याला विचारावे. १९५२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने तडीपारीची कल्पना घटनेच्या चौकटीत बसते असे ठरविले, ते या वस्तुस्थितीकडे पाहूनच. परंतु लौकिक लिहून घेणारी लेखणी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर दिल्लीतील एका पाणीविक्याचे प्रकरण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आले. हा गृहस्थ पोलिसांचा ठरीव साक्षीदार म्हणून सुमारे तीन हजार खटल्यांत उभा राहिला होता, असे त्याचे म्हणणे. पुढे त्याने हे काम करण्याचे नाकारले आणि त्याच्यावर तडीपारीची कारवाई सुरू झाली. तीन हजार वेळा विश्वासार्ह ठरलेला माणूस नकार देताच समाजाला धोकादायक झाला. २०२२ साली महाराष्ट्रातील एक तडीपारीचा आदेश रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हा असाधारण उपाय आहे आणि तो क्वचितच वापरावा. तडीपार झालेल्याचा रोजगार बुडतो, खोलीचे भाडे मात्र चालू राहते. आणि दोन वर्षांनी तो परततो तेव्हा त्याच्या नोंदीत तडीपारीची भर पडलेली असते. पुढच्या कारवाईला तीच पुरावा म्हणून उपयोगी पडते.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने या विषयाला दोनदा स्पर्श केला. मे महिन्यात दिल्लीच्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, पोलीस ठाण्यातील हिस्टरी शीट हा अंतर्गत दस्तऐवज आहे, आणि मागास व विमुक्त जमातींतील निरपराध माणसांची नावे त्यात यांत्रिकपणे चढणार नाहीत याची काळजी सर्व राज्यांनी घ्यावी. ऑक्टोबरमध्ये तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात विमुक्त जमातींच्या मनमानी अटकेबद्दल पोलिसांना बजावण्यात आले आणि सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे हवेतच कशाला, याचा राज्यांनी फेरविचार करावा असे सुचविले गेले. महाराष्ट्राला त्यासाठी केंद्राकडे पाहत बसण्याचे कारण नाही. तडीपारीचे आदेश न्यायिक अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून अंमलात येऊ नयेत, एवढी दुरुस्ती राज्याच्या स्वतःच्या पोलीस कायद्यात करता येईल. हिस्टरी शीटमधील प्रत्येक नाव ठराविक मुदतीनंतर कारणासह पुन्हा तपासावे आणि ज्याच्यावर त्या मुदतीत एकही गुन्हा शाबीत झाला नाही त्याचे नाव खोडावे, यालाही वेगळा कायदा लागत नाही. चॅप्टर केसचे तसे नाही. तिच्यासाठी संसदेने संमत केलेली संहिता बदलावी लागेल, आणि २०२३ साली ती सबंध नव्याने लिहिली जात असतानाही 'सर्वसाधारण लौकिक' हे दोन शब्द जागचे हलले नाहीत.